घरच्या कारखान्यातला उजेड

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि संप यांविषयीच बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती फारशी चुकीचीही नसते. आज मात्र आम्ही दिव्याविषयी बोलणार आहो. पगार कमी पडला तर भांडून वाढवून घेता येतो. कामावरून काढलेला माणूसही कधीकधी परत घेतला जातो. पण गेलेली नजर परत मिळवून देईल असा करार आजवर कोणत्याही युनियनला करता आलेला नाही.

कोरेगावासारख्या तालुक्याच्या गावी कारखाना म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सातारारोडचा कूपर कारखाना येतो, किंवा थोडे दक्षिणेला गेले की किर्लोस्करवाडी. पण खरे कारखाने याच गावातल्या सोप्यांत आणि पडव्यांत आहेत. कुणी कारखान्यात काम शिकून घरी लेथ टाकली आहे, कुणी पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करतो, कुणाची शिलाईची दोन यंत्रे आहेत, कुणी घड्याळे किंवा मोबाइल दुरुस्त करतो. सुतार आणि सोनार तर पिढ्यान्‌पिढ्या घरीच काम करीत आले. या सर्वांत एक गोष्ट सारखी आढळते. यंत्रावर चाळीस हजार रुपये खर्च करणारा माणूस दिव्यावर चारशे खर्च करताना हात आखडता घेतो. खोलीत पूर्वीपासून जी ट्यूब असते तिच्याखाली तो यंत्र लावतो आणि 'दिसते की' म्हणून कामाला बसतो.

दिसणे आणि कामापुरते नीट दिसणे यांत फरक आहे, हे कायद्याला १९४८ सालीच कळले होते. त्या वर्षीच्या कारखाने कायद्याच्या सतराव्या कलमात केवळ 'पुरेसा उजेड असावा' एवढेच म्हटले नव्हते. दिव्याने किंवा चकचकीत पृष्ठभागावरून उलटून आलेल्या प्रकाशाने डोळे दिपू नयेत, आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, हेही होते. ज्याने हे कलम लिहिले त्याने कधीतरी यंत्रापाशी उभे राहून पाहिले असले पाहिजे. परंतु हा कायदा वीज वापरणाऱ्या दहा आणि न वापरणाऱ्या वीस कामगारांच्या वरच लागू होता. २०२० सालच्या संहितेने ही संख्या वीस आणि चाळीस केली. म्हणजे ज्या सोप्यात बाप, मुलगा आणि एक पोऱ्या काम करतात तिथे कायदा तेव्हाही आला नाही आणि आताही येत नाही. तिथे इन्स्पेक्टर नाही आणि युनियनही नाही. तिथे मालक आणि कामगार एकाच सदऱ्यात असतात. तेव्हा ते कलम आपणच आपल्याला लावून घेतले पाहिजे.

दिव्याची आणखी एक बाजू आमच्या लोकांनी अनुभवली आहे. सातारा जिल्ह्यातली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. पूर्वी गिरणी सूर्याबरोबर चाले. उजाडले की भोंगा आणि अंधारले की सुट्टी. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, त्याच वेळी मालाला तेजी होती, आणि दिवस एकाएकी चौदा तासांचा झाला. लोक चिडले, दगडफेकही झाली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा घातली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास व्हायला १९४६ साल उजाडावे लागले. घरच्या कारखान्याला भोंगाच नसतो. चांगला दिवा लावला की काम अधिक वेळ करता येते. त्या दिव्याचे बटण कुणाच्या हाती आहे, ते घरच्या माणसांनी विचारायला हरकत नाही. असो, आता मुद्द्याकडे वळू.

आपल्या तालुक्यात वाघ्या घेवडा होतो. तो निवडायला बाई सूप घेऊन कुठे बसते? घराच्या मधोमध, दिव्याखाली बसत नाही. ती उंबऱ्याशी किंवा ओट्यावर, दाराकडे अंग तिरपे करून बसते. खडा आणि किडका दाणा ओळखायला उजेड बाजूने यावा लागतो. मग दाण्याची एक बाजू उजळते, दुसरीकडे बारीक सावली पडते, आणि त्यामुळे त्याचा आकार व साल कळते. प्रकाशयोजनेची मोठमोठी पुस्तके जे सांगतात त्याचा निम्मा भाग या बसण्यात आला. उजेड किती हे तर पाहायचेच, पण त्याआधी तो कुठून येतो ते पाहायचे.

आता आपल्या सोप्यात या. कामाचे टेबल बहुधा भिंतीला लागून असते, कारण जागा कमी. ट्यूब खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर असते, कारण वायरमनने ती राहण्याच्या खोलीसाठी लावलेली. कारागीर टेबलापाशी भिंतीकडे तोंड करून बसतो. दिवा त्याच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या डोक्याची व खांद्याची सावली नेमकी कामावर पडते. मग तो बाजूला वाकतो, मान तिरपी करतो, आणि दहा वर्षांनी मानेच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जातो. अशा ठिकाणी अधिक वॅटचा दिवा लावून उपयोग नाही. त्याने सावली फक्त जास्त काळी होते. ट्यूब काढून ती टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, किंवा वीतभर भिंतीकडे सरकवून, टेबलाला समांतर लावावी. ट्यूबचा प्रकाश लांब पट्ट्यातून येतो, म्हणून हाताची सावली पुसट पडते. जवळचा छोटा दिवा असेल तर तो उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूला, थोडा पुढे ठेवावा. डावखुऱ्याने उलट करावे. दोन दिवे दोन बाजूंना ठेवले तर एकाची सावली दुसरा खोडून काढतो.

शिलाईच्या यंत्राचे निराळे आहे. यंत्राचा खांब आणि आडवा हात सुईच्या उजवीकडे असतो, म्हणून उजवीकडून आलेला प्रकाश त्या लोखंडातच अडतो आणि सुई अंधारात राहते. डावीकडून पुढून येणारा प्रकाश, किंवा यंत्राच्या हाताखालीच बसणारा छोटा दिवा, हाच खरा. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला एक शिवण उसवणे म्हणजे पुढच्या नगाचा वेळ फुकट जाणे. काळ्या कापडावर काळा दोरा घालताना उजेड दुप्पट लागतो, कारण काळे कापड पडलेला प्रकाश गिळून टाकते. आणि दर मात्र पांढऱ्या कापडाचाच मिळतो.

उजेड मोजण्याचे माप लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला की एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास असते आणि भर दुपारच्या उन्हात लाखभर. भारतीय मानकांच्या प्रकाशयोजनेच्या संहितेत टेबलावरच्या ढोबळ कामाला सुमारे ३००, मध्यमला ५००, आणि बारीक कामाला ७५० च्या आसपास लक्स धरले आहेत. एवढा उजेड सबंध खोलीत पसरायची गरज नाही. आमच्या मते खोलीत सर्वत्र दीडशे लक्स ठेवावे आणि जिथे हात चालतो तिथे जवळच्या दिव्याने बाकीची भर घालावी.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. दीडशे लक्ससाठी कामावर १,६५० ल्युमेन पोहोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा निम्मा भाग भिंती, छत आणि सामानातच मुरतो, आणि धूळ बसून आणखी पाचवा हिस्सा जातो. म्हणजे कामावर शेकडा चाळीसच पोहोचतो. तेव्हा दिव्यातून चार हजारांवर ल्युमेन निघायला हवेत. जुनी ४० वॅटची ट्यूब २,४०० च्या आसपास देई; आजची २० वॅटची एलईडी नळी सुमारे २,००० देते. अशा दोन नळ्या पुरतात. दुकानात दिवा घेताना वॅट विचारण्याची सवय आपण सोडली पाहिजे. वॅट म्हणजे खाणे. काम किती करतो ते ल्युमेनमध्ये छापलेले असते.

जवळच्या दिव्याचा नियम मात्र फार कामाचा आहे. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड चौपट होतो, आणि दुप्पट केले तर चौथाई उरतो. नऊ वॅटचा एलईडी बल्ब आठ-नऊशे ल्युमेनचा असतो. तो आतून पांढऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून कामापासून दोन फुटांवर आणला तर पाच-सातशे लक्स सहज मिळतात; चार फुटांवर नेला की दीडशे. म्हणजे महागडा दिवा छताला टांगण्यापेक्षा स्वस्त दिवा वाकत्या दांडीवर जवळ आणणे शहाणपणाचे. लांब नळीला हा हिशेब इतका कडक लागत नाही.

दिवा जवळ आणला की दुसरा त्रास सुरू होतो तो डोळे दिपण्याचा. उघडा बल्ब नजरेच्या टप्प्यात आला की डोळ्याची बाहुली आकसते आणि मग कामावरचा उजेड असूनही कमी भासतो. म्हणून शेडची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीखाली यावी आणि बल्ब शेडच्या आत बुडलेला असावा. घासलेले पितळ, पोलाद, वार्निश यांवरून दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांत येते. अशा वेळी दिवा हातभर बाजूला सरकवावा. प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने उलटतो, तेव्हा तो डोळ्यांऐवजी पलीकडे जाईल असे पाहावे. पोलादी फूटपट्टीच्या रेघा वाचताना नुसत्या दिव्याखाली पट्टी चमकते. समोर एक पांढरा पुठ्ठा उभा करून त्यावरून आलेल्या मऊ प्रकाशात वाचावी. रेघा काळ्या आणि स्पष्ट उठतात. हे काही पुस्तकात शोधावे लागत नाही, जुने फिटर करीत आले आहेत.

उलट, पृष्ठभाग तपासायचा असेल तर मऊ प्रकाश नको. रंधा मारलेली फळी सपाट झाली की नाही, कानशीचे ओरखडे राहिले की काय, हे पाहायला दिवा अगदी खाली आणून प्रकाश फळीवरून घसरत जाईल असा धरावा. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत हे पाहण्यासारखे आहे. तिथली सतार आणि तंबोरा पिढीजात घरांत, वरच्या-खालच्या खोल्यांतच तयार होतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. घोडीची जवारी काढताना तिच्या माथ्यावरचा उतार केसाएवढा घासायचा असतो. कान तर लागतोच, पण कुठे किती घासले गेले हे डोळ्याला दाखवायला बाजूचा तिरपा प्रकाशच हवा. पॉलिशचा रंग जुळवायचा झाला तर कारागीर वाद्य उचलून दाराशी नेतो. रंगाच्या कामाला दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआयचा आकडा पाहावा. ८० साध्या कामाला ठीक, पण शिंपी, रंगारी आणि सोनार यांनी ९० च्या वरचा दिवा घ्यावा. स्वस्त निळसर दिव्याखाली तपकिरी आणि मरून दोरा सारखाच दिसतो आणि गिऱ्हाईक उन्हात गेल्यावर परत येते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुख्यतः घेतला ती सांगतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. त्यामुळे चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण फिरणाऱ्या यंत्राला कळते. लेथच्या चकला तीन जबडे असतात. चक मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे तेहतीस फेरे होतात आणि शंभर जबडे एका जागेवरून जातात. प्रत्येक उजळण्याला एक जबडा त्याच जागी सापडतो, आणि चक थांबल्यासारखा दिसतो. चार जबड्यांच्या चकला हेच १,५०० फेऱ्यांवर होते. चार आऱ्यांची पुली मोटारीच्या दांड्यावर १,४४० फेऱ्यांनी फिरत असेल तर ती थांबत नाही, उलट सावकाश मागे फिरताना दिसते. पोरांना याची गंमत वाटते. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, रात्रपाळीला नव्या मुलाने शेजारचे यंत्र बंद आहे असे समजून किस पुसायला चिंधी लावली. त्याची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. आम्ही त्या जागी उभे राहून पाहिले तेव्हा शेडमध्ये सर्व ट्यूबा एकाच फेजवर होत्या. दिव्याच्या निष्काळजीपणाचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हताच.

यावर उपाय जुनेच आहेत. कारखान्यात शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकतात, म्हणजे एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. घरी एकच फेज असते; तिथे लेथवर तारेचा साधा बल्ब लावीत, कारण तापलेली तार शंभराव्या हिश्शात थंड होत नाही. आज एलईडी आली म्हणून प्रश्न सुटला असे समजू नये. चांगल्या एलईडीच्या आतले सर्किट प्रकाश सरळ ठेवते, पण अगदी स्वस्त मालात तेवढे सामान घातलेले नसते आणि तो दिवा ट्यूबपेक्षाही अधिक लुकलुकतो. घेण्याआधी दुकानातच परीक्षा करावी. दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवली असता सलग पंखा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा यंत्रावर लावू नये. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि काळे पट्टे सरकताना दिसले तरी तेच समजावे.

वायरिंगविषयी दोनच गोष्टी सांगतो. बाकी परवान्याच्या वायरमनचे काम. दिव्याची लाइन आणि यंत्राची लाइन वेगळ्या एमसीबीवर असाव्यात. यंत्र अडकून एमसीबी उडाला आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर खोलीत काळोख होतो आणि चाक मात्र फिरतच राहते. वीज गेली तरी तसेच, म्हणून यंत्राजवळ एक बॅटरीचा, आपोआप लागणारा बल्ब ठेवावा. दुसरे, हातात धरून फिरवायचा दिवा. १९४८ च्या कायद्याने टाकी, खड्डा अशा कोंदट जागेत २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा मना केला होता. मोटारीखाली किंवा विहिरीच्या पंपापाशी २३० व्होल्टचा होल्डर वायरला लोंबकळत नेणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आज बॅटरीवरचे उत्तम दिवे मिळतात. वायर नेण्याची गरजच नाही. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट केलेले अर्थिंग हवेच.

वयाचाही विचार हवा. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होते. एकाच टेबलावर बाप आणि मुलगा काम करतात, मुलगा म्हणतो 'अण्णा, एवढा दिवा कशाला?' आणि बापाला वाटते पोराला बारीक काम दिसत नाही म्हणून घाई करतो. दोघेही खरेच सांगत असतात. बापाच्या बाजूला वेगळा दिवा द्यावा, म्हणजे तंटा मिटतो. चाळिशी करून घेताना डॉक्टरला कामाचे अंतर सांगावे. वर्तमानपत्र हातभर अंतरावर वाचतात, लेथवरचे काम त्याहून लांब असते; वाचण्याचा चष्मा लावून जो यंत्रावर वाकतो त्याचे नाक चकच्या जवळ जाते.

दिवसाचा उजेड फुकट आहे आणि तो सर्वांत चांगलाही आहे. उत्तरेच्या खिडकीतून सारखा, थंड प्रकाश येतो; गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे याचसाठी बांधली. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, तेवढ्यापुरता पडदा लागतो. बाकी वर्षभर उत्तरेची खिडकी सज्जन. खिडकीच नसेल तर छपरात दोन-चार काचेची कौले बसवावीत, पत्र्याचे छप्पर असेल तर एक पारदर्शक पन्हळी पत्रा घालावा. आणि चुना. काजळलेली भिंत प्रकाश गिळते, चुना दिलेली भिंत तीन-चतुर्थांश परत देते. जुन्या कायद्यात सफेदी दर चौदा महिन्यांनी सांगितली होती. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, आपण घराला देतोच. कामाच्या खोलीलाही द्यावी, छतासकट.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होता. त्याची काच रोज तिन्हीसांजेला राखेने पुसायची हा घरातल्या पोरांचा नेम. काजळी धरलेली दिसे, म्हणून पुसली जाई. ट्यूबवरची धूळ वर पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि काम करणारा वर पाहत नाही. सुताराच्या आणि रिवाइंडिंगच्या खोलीत वर्षभरात एक तृतीयांश उजेड धुळीतच जातो. महिन्यातून एकदा, मेन बंद करून, कोरड्या फडक्याने पुसावे.

दिव्याची जागा ठरवायला वायरमन येण्याची वाट पाहू नये. रात्री खोलीतले सर्व दिवे बंद करा. कामाला बसा, हातात नेहमीचे हत्यार आणि समोर नेहमीचे काम घ्या. मुलाच्या हातात मोबाइलची बॅटरी द्या आणि त्याला ती टेबलाच्या वर, डावीकडे, उजवीकडे, पुढे-मागे हळूहळू फिरवू द्या. जिथे हाताची सावली कामावरून निघून जाते आणि डोळ्यांत झळ येत नाही, तिथे त्याला थांबवा आणि वासा किंवा भिंत असेल त्यावर खडूने फुली करायला सांगा. उभे राहून करायच्या कामाची फुली वेगळी येईल, तीही करा. होल्डर त्या फुलीवर बसवायचा.